सगळे पाच

भाचीनं मामाला जन्मापासून पाहिलेलं होतं, पण नीट पाहिलं ते विद्यापीठातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात, एका सकाळी, आणि तेही सगळ्या वर्गाबरोबर. संख्याशास्त्राचा तास सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. दार ढकलून मामा आत आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, छातीवर वॉशिंग मशिनचं चित्र, खांद्याला हत्यारांची बॅग. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात. तो नाही, खिडकीकडचा. सुरू केला की खडखडतो."

मामानं एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. आपण विद्यार्थी आहोत हे सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, असं तो नंतर सांगायचा. पण कुणी काम सांगितलं की आधी काम करायचं आणि मग बोलायचं ही त्याची जुनी खोड. तो बाकावर चढला, बॅगेतून पान्हा काढला, वरचा नट आवळला, पाती हातानं फिरवून पाहिली, खाली उतरून बाकावरचे बुटांचे ठसे रुमालानं पुसले आणि त्याच बाकावर बसून वही उघडली.

मॅडम खडू हातात धरून थांबल्या. "झालं ना?"

"झालं, मॅडम."

"मग?"

"मग आता तुमचा तास. मी नवीन प्रवेश आहे."

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर येऊन डोकावून गेले. पहिल्या बाकावर बसलेल्या भाचीला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. शेजारणीनं विचारलं, "कोण गं हा?" लपवून उपयोग नव्हता. "माझा मामा आहे," ती म्हणाली. मधल्या सुट्टीपर्यंत तो अख्ख्या वर्गाचा मामा झाला होता.

मामा म्हणजे तिच्या आईचा पाठचा भाऊ. पस्तिशीच्या आसपासचा, रुंद खांद्यांचा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारा. कॉलेजचं पहिलं वर्ष पार पडलं आणि वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा शिक्षण सोडून तो वॉशिंग मशिन दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला तो लागलाच. पुढे वडील गेले, लग्न राहून गेलं, आणि बहिणीनं त्याला आपल्या घरातली मागची खोली दिली. जड यंत्रं ओढून, उलटी करून, जिन्यावरून उतरवून त्याची कंबर धरायला लागली होती. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलं. कंपनीत वजन न उचलता करायचं काम एकच, पर्यवेक्षकाचं, आणि त्याला पदवी लागते. म्हणून मामानं पुन्हा नाव घातलं, आणि योगायोग असा की भाचीच्याच वर्गात.

"उतारवयात पाटी-पेन्सिल," त्याची बहीण म्हणायची. "आता डब्याबरोबर तुला पाण्याची बाटली पण देऊ का?"

"दे की. बुचाला दोरी बांध म्हणजे हरवणार नाही," मामा म्हणायचा.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम करारावर होत्या. करार दरवर्षी संपायचा, दरवर्षी नवा व्हायचा किंवा नाही व्हायचा. बाई हुशार, मनानं चांगल्या. फक्त त्यांचं सगळं बोलणं फळ्याशी चालायचं. लिहिता लिहिता बोलायच्या, आणि बोलणं फळ्यावर आपटून तिथंच राहायचं. पुढच्या दोन बाकांना प्रसाद मिळायचा, मागचे नुसते ओठ हलल्यासारखे खांदे हललेले पाहायचे. मामा उशिरा येणार, म्हणजे बसणार मागेच. त्यामुळे सरासरीपर्यंत त्याचं कसंबसं जमलं आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते मोजणं, सुरू झाल्यावर तो वाटेतच राहिला. पण तास संपल्यावर तो जिन्याशी मॅडमना गाठायचा, आणि मॅडम तिथंच कठड्यावर वही टेकवून त्याला सगळं पहिल्यापासून सांगायच्या. कधी कपाळाला आठी नाही. उशिरा आला म्हणून कधी दारातून परत पाठवलं नाही. हाच विषय शिकवणारे दुसरे सर होते, त्यांना मुलं कडीसर म्हणायची, कारण घंटा झाली की ते आतून कडी लावून घ्यायचे. मॅडमचा करार झाला नाही तर हा वर्ग कडीसरांकडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी एखादं यंत्र पाहून वर्गात धावत येणाऱ्या मामाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको होता. दार बंद म्हणजे हजेरी नाही, हजेरी नाही म्हणजे परीक्षा नाही.

सत्र संपत आलं आणि शिक्षकांच्या मूल्यमापनाचा दिवस आला. विद्यापीठाची रीत अशी की त्या दिवशी शिक्षकानं तास अर्ध्यावर सोडून बाहेर जायचं, वर्गप्रतिनिधीनं फॉर्म वाटायचे, भरून गोळा करायचे, पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं आणि कार्यालयात नेऊन द्यायचं. प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकडे, एकावर गोल करायचा. शेवटी दोन ओळी मोकळ्या, काही सुचवायचं असेल तर. फॉर्मवर नाव नाही. वर्गप्रतिनिधी होती भाची.

मॅडमनी खडू ठेवला, हात झटकले. "खरं तेच लिहा," एवढंच म्हणून त्या बाहेर गेल्या. दार लागलं आणि वर्गाला कंठ फुटला.

"वर्षभर हे आपल्याला मार्क देतात. आज आपली पाळी."

"अरे, कोण वाचतं हे? गेल्या वर्षी मी कडीसरांना सगळीकडे एक दिला. कडी गेली का?"

"मी तर खाली काही लिहितच नाही. अक्षर ओळखतात. तोंडी परीक्षेला मग गोड हसून सूड घेतात."

"डाव्या हातानं लिही ना."

"माझं उजव्या हाताचंच डाव्यासारखं आहे."

एक मुलगी प्रश्न न वाचता वरपासून खालपर्यंत तिरकी नक्षी काढत गोल करत सुटली होती. तिचं म्हणणं, उरलेला वेळ कॅन्टीनला उपयोगी पडतो. तिच्या मागे बसणाऱ्या मुलाला सगळे शंकासुर म्हणत, कारण त्याला प्रत्येक गोष्टीत शंका असायची. त्यानं मात्र फॉर्म नीट वाचला आणि मोठ्यानं विचारलं, "'शिक्षकांचं बोलणं वर्गात सर्वांना स्पष्ट ऐकू येतं.' मी याला तीन देणार आहे. दोन द्यावे की तीन?"

तेव्हा मामा उठला. एवढ्या दिवसांत तो वर्गात पहिल्यांदाच उभा राहून बोलत होता, आणि हत्यारांची बॅग उगाचच त्यानं खांद्याला लावली होती.

"तीन? तुला ठाऊक आहे का तीन म्हणजे काय?" तो म्हणाला. "मी मशिन दुरुस्त करून निघालो की गिऱ्हाइकाला कंपनीचा मेसेज जातो. किती तारे देता? एक आजोबा होते. मशिनचा अख्खा ड्रम मी उतरवला, साफ केला, चढवला. आजोबा खूश. मला चहा दिला, जिन्यापर्यंत सोडायला आले. आणि तारे दिले तीन. मी परत गेलो, म्हटलं, आजोबा, काय चुकलं? तर म्हणाले, 'छे छे, तुझं काम फार छान. पण पाच फक्त देवाला, चार माझ्या वडिलांना, राहिले तीन.' आता आजोबांच्या वडिलांशी मी काय स्पर्धा करणार?"

वर्ग हसला.

"हसा. त्या तीन ताऱ्यांपायी मला कालच्या पोरांबरोबर शिकाऊंच्या वर्गात बसवलं. बेल कशी वाजवायची, बूट कुठे काढायचे, हे शिकवलं मला. पंधरा वर्षं बेल वाजवतोय मी. तेव्हा ऐका. वर बसलेल्या लोकांना एक, दोन, तीन, चार यातला फरक कळत नाही. त्यांना दोनच गोष्टी कळतात. पाच, आणि पाच नाही. बाई राहायला हव्यात ना?"

"हव्यात," मागच्या बाकांवरून आलं.

"मग सगळे पाच. वरपासून खालपर्यंत. आणि खाली काही लिहू नका, लिहिलं की त्यातून खुसपट काढतात."

शंकासुर म्हणाला, "पण मामा, ऐकू येत नाही हे तर खरं आहे ना? सगळ्यात जास्त तर तुम्हालाच येत नाही."

"माझं मी बघतो. तू पाच कर."

भाचीला ते कुठंतरी खटकलं होतं. पण मामाच्या सांगण्यात प्रेम होतं आणि वर्ग कधी नव्हे तो एका मुखानं बोलत होता. तिनं स्वतःच्या फॉर्मवरही पाच पाच केले. नक्षीवाल्या मुलीनं नवा फॉर्म मागून घेतला. भाचीनं पाकीट चिकटवलं, त्यावर सही केली आणि कार्यालयात देऊन आली. जिन्यात मामा भेटला तेव्हा त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. "बघ, बाई आता कुठं जात नाहीत."

आठवडाभरानं विभागप्रमुखांनी भाचीला बोलावून घेतलं. सर हळू आवाजात बोलणारे, आणि त्यांचा आवाज जितका हळू तितकं प्रकरण गंभीर, असा विभागातला अनुभव होता. त्या दिवशी तिला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"हे पाकीट कार्यालयानं परत पाठवलंय. सगळे फॉर्म एकसारखे. एक आकडा इकडचा तिकडे नाही. असे फॉर्म ते मोजतच नाहीत."

"पण सर, आम्ही खरंच..."

"तुम्ही कोणता विषय शिकत होता त्या तासाला?"

भाचीनं मान खाली घातली. "प्रमाण विचलन."

"छान. संख्याशास्त्राच्या वर्गानं असा पुरावा तयार करून द्यावा, ज्यात विचलन शून्य. वाणिज्यच्या मुलांनी केलं असतं तर मी समजू शकलो असतो." त्यांनी पाकीट बाजूला सारलं. "मला हसू येतंय, पण वर कुणाला हसू येत नाहीये. त्यांचा समज असा झालाय की बाईंनी स्वतः सांगून भरून घेतले. करारावरचा माणूस, करार संपत आलेला. कुणालाही हेच वाटेल. तसं ठरलं तर नवा करार नाही होणार, आणि दुसरीकडे कुठे अर्ज केला तरी हे मागोमाग जाईल."

घरी मामा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसला होता. भाचीनं चप्पलही काढली नाही.

"पाच आणि पाच नाही म्हणे. झालं तुझं समाधान? बाईंवर आळ आलाय. त्यांनीच आपल्याकडून भरून घेतलं म्हणतात."

मामाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातलं पेन त्यानं इतकं हळू खाली ठेवलं की जणू तेच फुटणार होतं. त्याची बहीण ओट्यापाशी होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काय रे, वर्गात एक तूच मोठा होतास ना? लेकरांनी ऐकलं तुझं. मोठ्या माणसाचं ऐकायचं असतं असं आम्हीच शिकवलंय त्यांना."

"ताई, मी बाईंच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठीच. पायावर धोंडा पाडायचाच तर निदान स्वतःच्या तरी पाडायचास."

एरवी मामाच्या तोंडाला खळ नसायचा, पण त्या दिवशी तो ताट घासून ठेवून मागच्या खोलीत गेला. भाचीला आत्तापर्यंत राग होता, आता त्यात काळजी मिसळली.

सकाळी तो कामावर गेला नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भाचीबरोबर विद्यापीठात आला, पण सवयीनं हत्यारांची बॅग खांद्याला होतीच. विभागप्रमुखांच्या दारात तो उभा राहिला तेव्हा सर म्हणाले, "आमचा पंखा ठीक आहे." मॅडमच्या पंख्याची गोष्ट विभागात सगळ्यांना पाठ होती.

"सर, मी दुरुस्तीलाच आलोय," मामा म्हणाला. "पण मोडलंय ते मीच."

त्यानं आजोबांच्या तीन ताऱ्यांपासून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही आणि स्वतःच्या बाजूनं काही रंगवलंही नाही. सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही हे लिहून द्याल? म्हणजे मॅडम बाहेर होत्या, कल्पना तुमची होती."

"देतो. सही पण करतो."

"सही केलीत तर तुमच्यावर शिस्तीचा ठपका येऊ शकतो. तुम्हाला पदवी कशासाठी हवीय ते मला ठाऊक आहे."

मामानं भाचीकडे पाहिलं नाही. "पेन द्या, सर," तो म्हणाला.

लिहून झाल्यावर सरांनी तो कागद घेतला आणि एवढंच कबूल केलं की मूल्यमापन पुन्हा घ्यायची परवानगी मागतो, मिळेल की नाही सांगता येत नाही.

बाहेर कठड्याशी मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. मामानं माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. त्या चिडलेल्या होत्या, पण आवाज चढलेला नव्हता.

"मला एक सांगा. तुम्ही मागे बसता. माझं बोलणं तुम्हाला ऐकू येतं का?"

मामानं खांद्यावरची बॅग सावरली.

"दर वर्षी मी ते फॉर्म एवढ्यासाठी वाचते. आकडे मी बघतही नाही. आकड्यांनी मला शिकवता येत नाही. खालच्या दोन ओळींत कुणी काही लिहिलंय का ते बघते. एकदा एकानं लिहिलं होतं, बाई उदाहरणं फार मोठी घेतात. मी लहान घ्यायला लागले. या वेळी एवढा वर्ग, आणि एक शब्द नाही. जिन्यात तुम्हाला रोज पहिल्यापासून सांगायला लागतं तेव्हा मला वाटायचं, यांना गणित अवघड जातंय. ऐकू येतं का?"

"नाही येत," मामा म्हणाला. "तुम्ही फळ्याशी बोलता."

"मग हे मला पहिल्या महिन्यात का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतकं प्रेमानं पुन्हा सांगत होता, मॅडम. वर तक्रार कशी करायची?"

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. हसावं की रागवावं हे त्यांचं त्यांनाच ठरवता आलं नसावं. त्या पुढच्या तासाला निघून गेल्या.

परवानगी आली. या वेळी कार्यालयातले एक क्लार्क खुर्ची टाकून दाराशी बसले आणि बोलायचं नाही असं बजावलं. मागच्या वेळी सगळं उरकायला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नव्हता. आता मुलं प्रश्न दोनदोनदा वाचत होती. जिच्यावर आपली माया आहे तिला तीन द्यायचा, आणि तो तीनच आहे म्हणून द्यायचा, हे सोपं नव्हतं. नक्षीवाली मुलगी पेनाचं टोपण चावत बसली होती. शंकासुरानं हात वर करून क्लार्कना विचारलं, "साडेतीन देता येतात का?" क्लार्क म्हणाले, "गप्प बस."

सगळ्यात शेवटी मामाचा फॉर्म आला. भाचीला तो पाहायचा नव्हता, पण मामानं उलटा न करताच तिच्या हातात दिला, आणि अक्षर तिच्या ओळखीचं होतं. 'ऐकू येतं' यापुढे त्यानं दोनावर गोल केला होता. 'शंकांचं निरसन करतात' यापुढे पाच. खाली दोन ओळींत मावेना म्हणून समासातही लिहिलं होतं: मॅडम लिहिताना बोलतात ते मागे येत नाही. आधी लिहून, मग वळून बोलावं. विचारलेलं कितीही वेळा सांगतात आणि त्यांचा चेहरा बदलत नाही. असं मला आधी कुणी शिकवलं असतं तर मी शिक्षण सोडताना जास्त रडलो असतो.

भाचीनं तो फॉर्म इतरांच्या मधे सारला आणि पाकीट चिकटवलं.

करार झाला, एका वर्षाचा. मूल्यमापनात आलेला आकडा काही भूषण म्हणून मिरवावा असा नव्हता, कडीसरांपेक्षा जेमतेम वर होता. पण विभागप्रमुखांनी मामाचं पत्र आणि मुलांनी लिहिलेल्या ओळी सोबत जोडल्या, आणि आळ दूर झाला. मामाला मात्र लेखी समज मिळाली. ती त्यानं घडी करून हत्यारांच्या बॅगेत, पक्कडीच्या कप्प्यात ठेवली. पुढच्या सत्रात मॅडम आधी लिहायच्या, खडू ठेवायच्या, वळायच्या आणि मग बोलायच्या. कधी विसरल्या तर मागच्या बाकावरून खोकला यायचा. तो कुणाचा ते त्यांना न वळताही कळायचं.

बहीण अजूनही टोमणा मारते. जेवण झालं की विचारते, "भाजीला किती तारे?" मामा विचार करून म्हणतो, "चार. मीठ कमी." मग ती म्हणते, "उद्यापासून तूच कर."

भाची पदवी घेऊन नोकरीला लागली. मामाचे बाकी सगळे विषय सुटले, फक्त संख्याशास्त्राचा पेपर राहिला आहे, मॅडमचाच; त्यांचा करार अजून दरवर्षी नवा होतोय. आठवड्यातून दोन सकाळी, कामावर जायच्या आधी, तो निळ्या शर्टात त्यांच्या तासाला जाऊन बसतो.